लाल चिठ्ठीचा राउटर

१

गोविंदराव पेंढारकरांनी आपल्याच घरातल्या राउटरला लाल चिठ्ठी बांधली, तोवर चोर कोण हे अवधपुरीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. एक मीच काय ती मागे राहिले होते.

त्या लाल चिठ्ठीचं आधी सांगायला हवं. गोविंदरावांनी पस्तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. नापास झालेल्या मालाला तिथे सुतळीनं लाल चिठ्ठी बांधतात, म्हणजे तो चुकूनही पुढे जात नाही. निवृत्त होताना लोक शाल नाहीतर घड्याळ घेऊन घरी येतात, हे उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. त्यानंतर त्यांच्या घरात गळका कुकर, कुरकुरणारा पंखा आणि एकदा तर त्यांच्या मुलाचं, आशयचं, नोकरीचं पत्रसुद्धा नापास झालेलं मी पाहिलंय.

शनिवारी सकाळी मी पोह्यांवर शेव घालत होते तेवढ्यात त्यांची बायको मीना धापा टाकत आली.

"शशीताई, चला आधी. हे वरच्या मधुराला घराबाहेर काढतायत."

"अगं, मेसेज टाकायचास. मी आलेच असते."

"टाकला होता की, गेटाबाहेर आल्यावर. गेलाच नाही. माझ्या फोनमध्ये नुसतं बोलण्यापुरतं रिचार्ज असतं. घरचं वायफाय आहे तोवर माझा फोन शहाणा."

पोहे तसेच झाकून मी निघाले.

मी शशिकला. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसले. फोन बंद पडला की माणसं काय काय बोलतात ते मी पोटभर ऐकलंय. शेजाऱ्यानं वायर कापली, लाइनमननं मुद्दाम केलं, जावेनं काहीतरी करून ठेवलं. बिघाड सापडायच्या आधी चोर सापडलेला असायचा. त्यामुळे कुणी फार चटकन चोराचं नाव सांगितलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. सवय चांगली नाही, पण आहे.

पेंढारकरांच्या हॉलमध्ये गोविंदराव कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते. शेजारच्या फळीवर काळा, तीन शिंगांचा राउटर. त्याच्या एका शिंगाला लाल चिठ्ठी लटकत होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'छेडछाड. हात लावू नये.'

"वाचा," म्हणत त्यांनी एक कागद माझ्यापुढे केला.

पत्र कारखान्यातल्या एका विभागप्रमुखांच्या नावे होतं. वरच्या खोलीत राहणारी मधुरा त्यांच्याच हाताखाली प्रशिक्षणार्थी इंजिनीअर होती. जळगावची पोर, डिसेंबरात कायम व्हायची होती. तिनं घरमालकाच्या यंत्रणेत शिरून पासवर्ड बदलला, तिच्यावर विश्वास ठेवणं धोक्याचं आहे, असं पत्रात लिहिलं होतं. असं पत्र गेलं की चौकशी लागते, आणि चौकशीतल्या माणसाला कुणी कायम करत नाही. हे गोविंदरावांना पक्कं ठाऊक होतं.

"उद्या रविवारी खोली रिकामी. सोमवारी पत्र," ते म्हणाले.

"पुरावा?"

"मी बिनपुराव्याचा बोलतो का, शशिकलाबाई? दसऱ्याच्या सकाळी ती इथे, याच फळीपाशी उभी होती. राउटर हातात उलटा धरून त्याच्या पोटाखालचा कागद वाचत होती. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय."

२

मी खुर्ची ओढली. "पहिल्यापासून सांगा. तक्रार काय, कधीपासून?"

माझा टेबलावरचा जुना आवाज ऐकून ते जरा सैलावले. रीतसर विचारलेलं त्यांना आवडतं.

"दसऱ्यापासून. आज बारा दिवस झाले. झोपायच्या खोलीत वायफाय येईना. हॉलमध्येही मधूनमधून गचके. म्हटलं, कोण खातंय ते बघावं. म्हणून सेटिंगचं पान उघडलं."

त्यांनी मला करून दाखवलं. कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.१ हा आकडा टाकला, एक निळं पान आलं, पानानं पासवर्ड मागितला. गोविंदरावांनी किल्लीच्या जुडग्यातून एक किल्ली काढली, कपाट उघडलं, कपाटातून डायरी काढली आणि हातानं आडोसा करत पासवर्ड टाकला. पानावर लाल ओळ उमटली: पासवर्ड चुकीचा.

"हा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला आणि या डायरीला. आशयलासुद्धा दिलेला नाही. राउटरच्या पोटावर कंपनीचा मूळ पासवर्ड छापलेला असतो, तोही घालून पाहिला. तोही चालत नाही. म्हणजे कुणीतरी आत शिरून बदलला, एवढाच अर्थ निघतो."

"फोनवरून उघडून पाहिलं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोळपाटावर खिळे ठोकायला सांगितले होते. "सेटिंगची कामं फोनवरून करत नाहीत. वायर लावलेल्या कॉम्प्युटरवरूनच करायची. हवेतल्या कामावर माझा विश्वास नाही."

"मग मागचं रीसेटचं बटण दाबून मोकळे व्हा."

"आणि पुरावा पुसून टाकू?"

मी उठून राउटर पाहिला. चिठ्ठीवरचा हुकूम मोडून हातही लावला. वरच्या बाजूला वाळलेल्या कुंकवाचं बोट होतं. नाकाशी नेला तर रॉकेलचा पुसट वास आला.

"याला रॉकेल कसलं लागलं?"

मीना हसली. "खंडेनवमीचं. यांची पूजा तुम्हाला माहीतच आहे की."

माहीत होती. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, पण गोविंदराव ती पूजा कारखान्याच्या शिस्तीत करतात. आदल्या दिवसापासून पाने, पकडी, मिक्सर, मीनाचं शिवणाचं मशीन, आशयचा लॅपटॉप, सगळं हॉलमधल्या मोठ्या टेबलावर ओळीनं मांडतात. प्रत्येक वस्तू रॉकेलच्या फडक्यानं घासूनपुसून घेतात, मग हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत एकाही यंत्राला हात लावायचा नाही.

"या घरातलं एकही यंत्र सुटत नाही," गोविंदराव अभिमानानं म्हणाले.

"आणि दसऱ्याच्या सकाळी ती यंत्रं परत जागेवर कोण ठेवतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी कसा विसंबू?"

मी मान डोलावली. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराशी काहीतरी हललं. आशय उभा होता. आमचं सगळं बोलणं त्यानं ऐकलेलं दिसत होतं, आणि माझी नजर पडताच तो चटकन मागे सरला.

३

मी त्याला अंगणात गाठलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, पण माझ्यासमोर अजून नखं कुरतडतो.

"लपून काय ऐकत होतास?"

"काही नाही, मावशी. बस, ऐसेच."

"नेट कोण खातंय ते तुझे बाबा बघणार होते ना? पासवर्ड बदलला की सगळ्यात जास्त सोय कुणाची होते, तुझी."

तो लालबुंद झाला. "अरे यार मावशी, मी कशाला बदलू? मला तर नेटचा काही प्रॉब्लेमच नाही. बाबा रोज दुपारी दोन तास झोपतात ना, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवर सिरीज बघतो. खरं सांगतो, दसऱ्यापासून त्याच्यावर नेट एकदम भन्नाट चालतंय. वायफाय मात्र बकवास झालंय. तुम्ही बाबांना सांगू नका, प्लीज."

"म्हणजे एकाच राउटरचं नेट वायरीतून भन्नाट आणि हवेतून बकवास?"

"हो ना. मतलब, मलाही अजीब वाटलं. पण मी म्हटलं, आपलं चालतंय ना, मग चलने दो."

या पिढीचं हे मला आवडत नाही. आपलं चालतंय तोवर कुणाचं का बंद पडेना. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा स्वतःची दुपारची चोरी अशी आपण होऊन सांगत नाही.

मग मी दत्तूला फोन लावला. आमच्या गल्लीत खाली-वर सगळीकडे नेटची वायर त्यानंच टाकली आहे. घराणं मूळचं ग्वाल्हेरचं मराठी, पण इथल्या पोरांसारखं बोलणं निम्मं हिंदीत.

"मावशी, लाइन तर एकदम क्लियर आहे त्यांची. मी खांबावर चढून बघून आलो."

"पेंढारकरांच्या राउटरला तू कधी हात लावला होतास?"

"दोन साल झाले. तेव्हा दोन डबे एकदमच लावले होते, एक खाली काकांना, एक वर भाडेकऱ्याच्या खोलीत. तेव्हापासून हात नाही लावला, कसम से."

"रीसेट केलं तर काय बिघडतं रे?"

"तसं करू नका! खातं उडून जाईल. वायर काय मावशी, नुसती नाली आहे. कुठल्याही नालीतून पाणी येतं. ज्याचं त्याचं खातं डब्यात भरलेलं असतं. ते उडालं की ऑफिसातून पुन्हा भरून घ्यावं लागतं."

मी फोन ठेवला आणि त्याचं ते नालीचं वाक्य मनात घोळवत वर गेले. जिना अरुंद होता, वीस पायऱ्यांचा. गोविंदराव गुडघ्यांमुळे तीन वर्षांत तो चढले नव्हते.

मधुराच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. डोळे सुजलेले, पण गाठी घट्ट बसत होत्या.

"इथे पलीकडे सोनागिरीत एक खोली बघितलीय," ती म्हणाली. "खोली मिळेल हो, काकू. पण त्या पत्राचं काय? बाबांना मी काय सांगू, चोरी केली म्हणून परत आले?"

"केलीस का?"

तिनं सुतळीला गाठ मारली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"पासवर्ड मीच बदललाय, काकू. एकदा नाही, दोनदा."

४

खरं सांगायचं तर ही पोर मला पहिल्यापासून आवडते, आणि आवडत्या माणसाचा कबुलीजबाब ऐकायला मी कधीच शिकले नाही.

"कशाचा पासवर्ड?" मी विचारलं.

"माझ्या वायफायचा. अजून कशाचा?" ती उलट माझ्यावरच चिडली. "काकांच्या राउटरला मी कशाला हात लावू? उलट माझंच नेट कुणीतरी चोरतंय. हे बघा."

तिनं फोन पुढे केला. तिच्या नेटच्या महिन्याच्या कोट्यातला ऐंशी टक्के वापर संपल्याचा मेसेज होता. एरवी तिला महिनाभर पुरून उरायचं, ते या वेळी अर्ध्या महिन्यातच तळाला गेलं होतं.

"म्हणून मी माझ्या राउटरचं सेटिंगचं पान उघडलं, त्याचाही पासवर्ड मी राहायला आले तेव्हाच माझा ठेवलाय. माझ्या वायफायवर कोण कोण आहे त्याची यादी त्यात दिसते. माझा फोन, माझा लॅपटॉप आणि आणखी एक मशीन. दुपारी मी कारखान्यात असते तेव्हा ते धो धो नेट वापरतं. मी दोनदा पासवर्ड बदलला तरी ते जातच नाही. आणि काकू, त्याच्यापुढे लिहिलंय, 'वायरनं जोडलेलं'."

मी खोलीभर पाहिलं. तिचा राउटर कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. काळा, तीन शिंगांचा, अगदी खालच्यासारखा. त्याच्यात बाहेरून आलेली एकच वायर शिरत होती. त्यातून निघणारी दुसरी वायर नव्हती.

"माझ्या खोलीत वायरनं जोडण्यासारखं काहीच नाही," मधुरा म्हणाली. "मला वाटतं, आशयदादानंच कुठूनतरी जोडलंय. पण मी पडले भाडेकरू. कुणाला सांगू?"

म्हणजे खाली वरच्या माणसावर संशय, वर खालच्या माणसावर. मला माझं जुनं टेबल आठवलं. दोन्ही टोकांची माणसं एकमेकांची तक्रार घेऊन यायची आणि दोघांचंही खरं असायचं.

मी स्टुलापाशी गेले. या राउटरवरही कुंकवाचं बोट होतं.

"हा पूजेला कसा गेला?"

"काकांनीच मागवून घेतला होता. म्हणाले, घराच्या छपराखालचं प्रत्येक यंत्र टेबलावर आलं पाहिजे. दसऱ्याला सकाळी माझी ऑनलाइन परीक्षा होती, म्हणून सातलाच परत न्यायला गेले."

"आणि तेव्हा तू राउटर उलटा करून काय वाचत होतीस?"

"वाचत नव्हते, शोधत होते! माझ्या राउटरच्या पोटाला मी चिकटपट्टी लावली होती, निळ्या शाईनं 'मधुरा' लिहून. ती दिसेना. काका मागून आले आणि म्हणाले, हात लावू नकोस, मी देतो. मग दिला, मी घेऊन आले. घाईत होते."

मनात एक शंका डोकं वर काढत होती, पण नुसत्या शंकेवर मी कधी तक्रार बंद केली नाही. बिघाड कुठल्या टोकाला आहे ते बघायचं तर एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाला ऐकत बसायचं. आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे.

"मधुरा, लॅपटॉपवर काहीतरी चालू ठेव. बंद पडलं की तिथूनच ओरड."

खाली येऊन मी मीनाला फोनवर तिचं आवडतं कीर्तन लावायला सांगितलं. आशयला कॉम्प्युटरवर काहीतरी चालू करायला लावलं. गोविंदराव संशयानं माझ्याकडे बघत होते. मी लाल चिठ्ठीचा तो राउटर धरला आणि त्याचं बटण बंद केलं.

त्याचे दिवे विझले. कॉम्प्युटरवरचं चित्र थिजलं.

आणि वरून मधुराचा आवाज आला, "काकू! माझं नेट गेलं!"

५

गोविंदराव खुर्चीतून उसळले. गुडघ्यांचं दुखणं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे.

"बघा! बघा, शशिकलाबाई! माझा राउटर बंद केला की तिचं नेट जातं. म्हणजे ती माझंच वापरतेय. अजून काय पुरावा हवा?" त्यांनी पत्र उचललं. "सोमवार कशाला, आत्ताच जाऊन देतो."

मधुरा धावत खाली आली होती आणि शेवटच्या पायरीवर उभी राहून हे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आशय एकदा तिच्याकडे आणि एकदा जमिनीकडे बघत राहिला. खरंच, त्या घटकेला मी सोडून कुणीही तिला सोडवलं नसतं. राउटर बंद झाला आणि तिचं नेट गेलं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

"जरा गप्प राहता का सगळे?" मी म्हटलं. "अजून एक गोष्ट ऐका."

हॉलमध्ये फक्त कीर्तनकारबुवांचा आवाज आणि टाळ ऐकू येत होते.

"ऐकलंत?"

"काय ऐकायचं? मीनाचं कीर्तन चाललंय," गोविंदराव वैतागून म्हणाले.

"तेच तर. तुमचा राउटर मी बंद केलाय. मीनाच्या फोनमध्ये नेटचं रिचार्ज नाही. मग हे कीर्तन कुठून येतंय?"

मीनानं फोनकडे असं पाहिलं, जणू तो आता चावणार होता. "अगंबाई. आणि वायफायची खूणसुद्धा दिसतेय. नावही आपलंच आहे, पेंढारकर."

"तुमच्या नावाचं वायफाय चालू आहे आणि तुमच्या फळीवरचा राउटर बंद आहे," मी म्हटलं. "गोविंदराव, तुमची डायरी आणा. आज एकदाच हवेतल्या कामावर विश्वास ठेवा. मीनाच्या फोनवर तो आकडा टाका आणि तुमचा जुना पासवर्ड द्या."

ते हलेनात. मग नाइलाजानं चष्मा लावला, डायरी उघडली, एकेक अक्षर बोटानं दाबलं. निळं पान आलं. पासवर्ड गेला. लाल ओळ आली नाही. पान उघडलं आणि वर त्यांचं स्वतःचं नाव दिसलं.

"तुमचा पासवर्ड कुणीच बदललेला नाही," मी म्हटलं. "गेले बारा दिवस तुम्ही दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावत बसलाय. फळीवरचा हा राउटर तुमचा नाहीच. हा मधुराचा आहे. तुमचा वर तिच्या स्टुलावर आहे."

"पण मग मला कळलं कसं नाही?" मधुरा म्हणाली.

"कळणार कसं? फोनला नावाशी मतलब. ओळखीच्या नावानं हाक आली की तो जोडून घेतो, हाक वरून आली का खालून हे बघत नाही. खालचं वायफाय वरून येऊ लागलं, म्हणून गोविंदरावांच्या खोलीपर्यंत पोचेना. दत्तू म्हणाला, खातं डब्यात असतं, वायर कुठलीही चालते. म्हणून दोन्हीकडे नेट चालूच राहिलं. फक्त हा कॉम्प्युटर वायरनं बांधलेला. तो नाव बघत नाही, जो डबा पुढे असेल त्याचं नेट घेतो. तुझ्या यादीतलं ते वायरचं मशीन म्हणजे हा."

आशयनं कपाळाला हात लावला. "मतलब, दुपारी मी जे बघत होतो ते सगळं मधुराच्या नेटवर? सॉरी यार. कसम से, मला माहीत नव्हतं."

"दुपारी तू काय बघत होतास?" गोविंदरावांनी विचारलं, पण त्या प्रश्नात जोर नव्हता. ते अजून फोनवरच्या आपल्या नावाकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"ठीक आहे. डबे बदलले गेले. पण बदलले कुणी? दसऱ्याला सकाळी फळीपाशी ही होती."

६

या माणसाच्या चिवटपणाला दाद द्यायला हवी. मी काही बोलायच्या आत मधुराच पुढे आली.

"मी हात लावला होता, काका. पण माझ्या हातातून तुम्ही तो काढून घेतलात. मग टेबलावरून एक उचललात आणि दोन्ही हातांनी मला दिलात. 'हा घे तुझा, कपाळाला लावून ने,' असं म्हणालात. मी नमस्कारसुद्धा केला."

"मी मधुराच्या हातात चुकीचा डबा देईन? पस्तीस वर्षं..."

"गोविंदराव," मी म्हटलं, "तुमचं पूजेचं रॉकेलचं फडकं कुठे असतं?"

ते फडकं ते टाकत नाहीत हे मला ठाऊक होतं. पूजेचं म्हणून घडी करून एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात, पुढच्या वर्षापर्यंत. मीनानं तो डबा आणला. गोविंदरावांनी स्वतः झाकण काढलं, स्वतः घडी उलगडली. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देणार नव्हते, आणि मलाही तेच हवं होतं.

तिसऱ्या घडीत पांढरी चिकटपट्टी होती. रॉकेलनं मऊ होऊन फडक्याला चिकटलेली, चुरगळलेली. निळी शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं. मधुरा.

"दोन सारखे डबे," मी हळू म्हटलं. "ओळखायची एकच खूण होती. ती तुम्ही घासून काढलीत, कारण तुमच्या हातून पुसायचं काही राहत नाही. ही बिचारी तीच खूण शोधत होती, तेव्हा तुम्ही तिला पाहिलंत."

गोविंदराव ती पट्टी हातात धरून तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचा नग पुढे जाऊ दिला नव्हता असं ते नेहमी सांगतात, आणि मला वाटतं ते खरंच असेल. मला त्यांची दया आली. पण त्यांनी जिच्याशी बोलायला हवं होतं ती मी नव्हते.

मधुरा त्यांच्याकडे बघत होती.

"डब्याची चूक झाली, काका, ती कुणाच्याही हातून होईल," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "पण तुम्ही मला विचारलं नाहीत. बारा दिवस मी रोज इथून जातायेता तुम्हाला नमस्कार करत होते. एकदा तरी विचारायचं होतंत."

ती वळली आणि जिना चढून गेली. वर दार लोटल्याचा आवाज आला.

मीना डोळे पुसायला लागली. आशयनं मुकाट्यानं कॉम्प्युटरची वायर राउटरमधून उपसून काढली. गोविंदरावांनी ते पत्र उचलून आधी उभं फाडलं, मग आडवं. मग फळीवरच्या राउटरची लाल चिठ्ठी सोडली, तिच्यावरचा मजकूर वाचला आणि गठ्ठ्यातून दुसरी कोरी चिठ्ठी ओढून घेतली. तिच्यावर ते बराच वेळ लिहीत होते, जरी शब्द चार-पाचच होते.

"अहो, आशय जाईल वर," मीना म्हणाली.

"नको." त्यांनी मधुराचा राउटर काखेत घेतला आणि जिन्याचा कठडा धरला.

तीन वर्षांनी ते त्या पायऱ्या चढले. दर चार पायऱ्यांना थांबत होते. मी मागे होते, पडले तर असावं म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, पुढे काय होतं ते बघायचंही होतंच. वर पोचल्यावर त्यांनी दार वाजवलं नाही. कडीला लाल चिठ्ठी बांधली, राउटर उंबऱ्याशी ठेवला आणि धापा टाकत भिंतीला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळानं दार उघडलं. मधुरानं चिठ्ठी हातात घेऊन वाचली. मला माझ्या जागेवरूनही वाचता येत होती: 'नापास. दोष: तपासणाऱ्याचा.' आणि खाली त्यांची सही, पूर्ण नावाची.

तिनं ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"सहीखाली तारीख नाही, काका," ती म्हणाली. "आम्हाला कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवलंय. तारखेशिवाय चिठ्ठी चालत नाही."

"बरोबर आहे," गोविंदराव म्हणाले. "आम्हीच शिकवायचो ते."

त्यांनी खिशातून पेन काढलं, चिठ्ठी भिंतीवर धरली आणि तारीख घातली. मी वाकून पाहिलं. त्यांनी आजची तारीख घातली नव्हती. दसऱ्याची घातली होती.

मधुरानं ती तारीख वाचली. मग ती बाजूला झाली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही. खुर्चीवरच्या गठ्ठ्याची सुतळी सोडून तिनं त्यातली पुस्तकं उचलली, आणि गुडघे धरून उभ्या असलेल्या गोविंदरावांना म्हणाली, "बसा, काका. चहा टाकते."